आबा निवडून यायचे, मी पडायचो

निवडून आलेल्या माणसाचे किस्से त्याच्याभोवतीची माणसं सांगतात. पडलेल्याला ते स्वतःच सांगावे लागतात, कारण त्याच्याभोवती कुणी उरलेलं नसतं! मी आयुष्यात जितक्या वेळा पडलो, त्यातल्या बहुतेक वेळा एकाच माणसाकडून पडलो. त्यामुळं किस्से साठत गेले. पक्षकार यायचे थांबले, दात गेले, किस्से तेवढे राहिले.

तो माणूस म्हणजे सांगवीचे खंडेराव आबा. कालव्याच्या पाण्यावर ऊस, दारात गुऱ्हाळ, अंगानं आडवे, बोलायला कमी. साहेबाच्या राज्यातल्या कौन्सिलात ते इतकी वर्षं बसले की मुंबईतला दारावरचा पट्टेवाला त्यांच्या घरच्या बैलांचीसुद्धा चौकशी करायचा. मी इंदापूरचा वकील. लोक मला तात्या म्हणत. मतदारसंघ तसा लांबरुंद, पण आमची खरी मारामारी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत. बऱ्यापैकी शेतसारा भरणाऱ्यालाच तेव्हा मत असे. म्हणजे मतदार थोडे, आणि सगळे ओळखीचे. पडल्यावर तोंड लपवायची सोय नाही!

*

तीस सालच्या सुमारास बारामतीत भाड्याची धड मोटार एकच होती. बाबू नावाचा ड्रायव्हर ती चालवायचा. निवडणूक लागली तशी मी त्याला गाठलं, त्यानं शब्द दिला. पहाटे मोटार दारात आली, तर मागच्या सीटवर आबा बसलेले!

मी बाबूवर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "वकीलसायेब, दोघांस्नीबी न्हाई कसं म्हनू? मत येगळं आसंल, वाट तर एकच हाय. बसा."

बसलो. काय करणार!

पहिल्याच गावात पारावर मी तासभर बोललो. शेतसारा, कालव्याची पाणीपट्टी, जंगलखात्याचा जाच, सगळं मुद्देसूद. घसा बसला. मग आबा उठले. उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "तात्या बोलले ते समदं खरं हाय. राम राम."

आणि बसले. टाळ्या त्यांना!

पुढच्या गावी मी म्हटलं, "आबा, आधी तुम्ही बोला." ते म्हणाले, "न्हाई बा. तुमी बोलल्याबिगर मला काय बोलायचं ते कसं सुचंल?"

*

कौन्सिलात आबा फारसं बोलत नसत. एकदा मात्र सांगवीकडच्या शेतकऱ्यांनी फारच गळ घातली. कालव्याचं पाणी वेळेवर सुटत नव्हतं, ऊस माना टाकत होता. आबांनी कौन्सिलात प्रश्न विचारला. इंग्रजीत तो मीच लिहून दिला होता. विरोधक झालो तरी ऊस कुणाचा का असेना, वाळतोच.

उत्तर यायला कित्येक महिने गेले. आलं तेव्हा आबांनी गुऱ्हाळावर सगळ्यांना बोलावलं आणि मला ते मराठीत सांगायला लावलं. मोठा कागद, खाली सहीशिक्का, आणि मजकूर एवढाच, की सरकार या बाबतीत विचार करत आहे.

चुलवाणात चिपाडं तडतडत होती. शेवटी एक म्हातारा शेतकरी गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चला, उसाला सांगतो. म्हनावं, सरकारचा इचार चालू हाय, तवर वाळू नगंस."

सगळे हसले. आबाही हसले. घरी जाताना मला म्हणाले, "तात्या, ह्यो म्हातारा कौन्सिलात पायजे व्हता."

*

पळसदेवला जायचं म्हणजे भीमाकाठची काळी माती. पाऊस पडून गेला की मोटार अर्ध्यात रुतणार, हे ठरलेलं. गावकऱ्यांनाही ठाऊक. आमचा हॉर्न ऐकला की ते बैल घेऊनच यायचे.

स्टेशनापर्यंत पक्का रस्ता करून देतो, हे आबांचं वचन. मी निवडून आलो तर मी करून देईन, हे माझं. एका खेपेला गुडघाभर चिखलात उभे राहून आम्ही दोघांनी ते परत दिलं. बैल लावणारा गडी आमच्याकडं बघून म्हणाला, "नगं."

"काय नको?"

"रस्ता नगं. रस्ता झाला तर तुमची मोटार सुसाट निघून जाईल. चिखल हाय म्हनून तरी तुमी हितं घटकाभर हुबं ऱ्हाता."

आबा हळूच म्हणाले, "चला, एक तरी गाव आपल्या कामावर खूश हाय."

*

दुसऱ्यांदा पडलो त्या संध्याकाळी मी घरी आलो. मंडळींनी पाट मांडला, ताट वाढलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी म्हटलं, "पडलो."

"दिसतंय की," बायको म्हणाली. "दोन महिन्यांनी वेळेवर जेवायला आलात!"

*

मी का पडतो, हे मला शेळगावच्या भागूआजीनं सांगितलं. नवरा गेल्यावर जमीन तिच्या नावावर आली, म्हणून तिला मत. तिच्या भावकीनं बांध रेटला होता. तो दावा मीच चालवून जिंकून दिला होता. तेव्हा हे मत तरी माझं, अशी माझी खात्री.

आम्ही दोघं तिच्या अंगणात गेलो. आजी शेंगा फोडत होती. तिनं आधी आबांना विचारलं, "तुमी निवडून आला म्हंजी काय करता?"

"मुंबईला जाऊन बसतो," आबा म्हणाले.

"आन् वकील, तुमी निवडून आला तर?"

"मीही मुंबईला जाईन, आजी."

"आन् पडला तर?"

"तर इथंच. इंदापुरात."

आजीनं सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या. "मग माजं मत आबास्नी. त्ये गेलं काय, ऱ्हायलं काय. तुमी गेला तर आमी कुनाच्या दारात जायाचं? न्हाई, तुमी हितंच ऱ्हावा."

परतताना मोटारीत आबांनी विचारलं, "तात्या, म्हातारीनं नालायक कुनाला म्हनलं? मला का तुमाला?"

"तुम्हाला."

"आन् पडनार कोन?"

"मी."

आबा खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत.

*

पुढं कौन्सिल गेलं, असेंब्ली आली. मतदार वाढले, वारं बदललं. अर्ज भरायच्या आधी एके दुपारी आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. डोक्यावर केस उरले नव्हते. इतकी वर्षं बरोबर हिंडून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"तात्या, मी आता हुबा ऱ्हात न्हाई."

"का हो?"

"मुंबईचं जिनं चढवत न्हाईत. आन् चढून तरी काय? हात वर करायचा. हातबी दुखाय लागला आता. तुमी ऱ्हावा. मी तुमच्यासाठी फिरतो."

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. आता आपण येणार! मी नवा कोटसुद्धा शिवायला टाकला.

आबा शब्दाला जागले. इंदापूरच्या आठवडी बाजारात उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. म्हणाले, "ह्या तात्याला मी इतकी वर्सं पाडत आलो. चांगल्या मानसाला पाडायला लई कष्ट पडत्यात. त्ये कष्ट आता तुमी घेऊ नगा."

बाजार हसला. टाळ्या पडल्या. कुणी फेटेही उडवले.

आणि मतं? समोर बारामतीकडचा एक तरुण उभा होता, खादीची टोपी घातलेला. तो जेलमधून आलेला, मी कोर्टातून. लोकांना जेल जवळचं वाटलं!

*

मोजणी पुण्यात झाली. निकाल ऐकून आम्ही दोघं निघालो. दौंडला गाडी बदलून बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. मी खरं तर परस्पर इंदापूरला जाणार होतो, पण आबा म्हणाले, "चार दिस सांगवीला चला. घरी गेला की लोक समाचाराला येतील." वाटेत आबांनी गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी सोडली, ती दोघांनी संपवली.

बारामती आली तेव्हा दिवस मावळत होता. फलाटावर ही गर्दी! गुलाल, लेझीम, ताशा, बँड. निवडून आलेला तरुण पुण्यातच अडकलाय, मागच्या गाडीनं येणार आहे, हे त्या बिचाऱ्यांना कळलंच नव्हतं. डबा थांबला, दार उघडलं, आबा खाली उतरले. आणि गुलालानं डोळे भरलेल्या कुणीतरी पुढं होऊन हार वर धरला.

आबांनी मान वाकवली.

हार गळ्यात पडला. बँड वाजायला लागला. मग पुढच्या रांगेतल्यांनी चेहरा पाहिला. ताशा थांबला, लेझीम थांबली, एक पिपाणी तेवढी थोडा वेळ एकटीच वाजत राहिली. हार घालणारा डोळे पुसत पुटपुटला, "आबा, तुमी न्हवं..."

"ठाव हाय रं," आबा म्हणाले. "मान सवयीनं वाकली."

हसावं की काय करावं, कुणाला कळेना. आबांनी हार काढला. मला वाटलं, परत देतील. तेवढ्यात ते माझ्याकडं वळले.

"तात्या, वाका जरा."

"आबा, अहो, लोक बघताहेत."

"बघू द्या. वाका."

मी वाकलो. शेवंतीचा जाड, ओला हार होता. गर्दीनं आपणहून वाट दिली. आम्ही दोघं फलाटाच्या टोकापर्यंत तसेच चालत गेलो. तिथं मी थांबून कॉलर सैल केली.

"आबा, हा मानेला फार टोचतोय हो."

"व्हय," आबा म्हणाले. "मलाबी इतकी वर्सं टोचायचा. पर सांगायचं कुनाला?"