चाळीस फुटांचा झ्यूस

कुणाच्याही घरी गेले की झ्यूसकाका आधी छताकडे बघायचे. इकडे परदेशात, नोव्हाय गावातल्या आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळे किचनचं कौतुक करत होते आणि हे मान वर करून उभे. मग म्हणाले, "छान आहे गं घर. पण त्याचा गुडघ्याखालचा पायच मावेल इथं."

'तो' म्हणजे ऑलिंपियाच्या देवळातला झ्यूस, ग्रीकांच्या देवांचा राजा. सिंहासनावर बसलेला, चाळीस फूट उंच, अंग हस्तिदंताचं, वस्त्र सोन्याचं. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, आणि आज त्याचा तुकडाही उरलेला नाही. काही नाणी आणि जुनी वर्णनं, एवढंच.

काका मूळचे नागपूरचे. एका कार कंपनीत नव्या गाड्यांची पूर्ण आकाराची मातीची मॉडेल करण्यात त्यांनी उभी हयात घालवली. आत सांगाडा, वरून माती, तिच्यावर चकचकीत फिल्म. झ्यूसच्याही आत लाकडी सांगाडा होता आणि वर पत्रे चढवले होते, हे वाचलं आणि ते झपाटलेच. "अगं, हे तर आमच्याच खात्यातलं काम," ते सांगायचे. "हस्तिदंत तडकू नये म्हणून तेल लावायचे त्याला. रेग्युलर मेंटेनन्स होता, यार." मी चाळिशीची बाई, पण उत्साहात आले की मीसुद्धा त्यांची यार.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध करडा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा गेलाच आहे, डावाही जाईल. काका सरळ माझ्याकडे आले. "मला तो एकदा पूर्ण साइझमध्ये बघायचाय. लवकर."

माझ्या ऑफिसचं पार्किंग रविवारी रिकामं असतं आणि शेजारीच पार्किंग डेकची तीन मजली इमारत आहे, तिच्या छतावरून खालचं सगळं दिसतं. मी परवानगी काढली. जूनमधल्या एका सकाळी आम्ही पंधरावीस जण खडू, टेप आणि रांगोळीची पोती घेऊन जमलो. काका कागदावरची मापं तोंडपाठ सांगत होते, आम्ही डांबरावर झ्यूस काढत होतो, एका बाजूनं दिसणारा, बसलेला. सिक्युरिटी गार्ड गाडी थांबवून विचारायला आला, "हू इज दिस गाय?"

"ही इज मिसिंग," काका शांतपणे म्हणाले. "वी आर लुकिंग फॉर हिम."

गार्डनं थोडा विचार केला आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

माझी दहा वर्षांची मीरा पावलाच्या आकृतीत आडवी झाली. "मॉम, आय फिट इन हिज फूट." मग सगळ्यांनाच चेव चढला. कुणी दाढीच्या बटा वळवल्या, कुणी वस्त्रात पिवळी रांगोळी भरली. दुपारी पश्चिमेकडून ढग आले, तेव्हा मुकुटातली ऑलिव्हची पानं राहिली होती. काकू ओरडल्या, "पानं राहू द्या, ह्यांना वर न्या."

मी त्यांचा हात धरून डेकच्या छतावर नेलं. कठड्याशी उभं राहून त्यांनी खाली बघितलं. चेहरा पडला. "डोकं दिसत नाही गं. डाग येतोय." मग त्यांनी नजर झ्यूसच्या गुडघ्याकडे वळवली, आणि थांबले. "आला," ते म्हणाले. "गुडघ्याकडे बघितलं की चेहरा दिसतो." पहिले थेंब पडेपर्यंत ते तसेच गुडघ्याकडे बघत हसत होते.

त्याच वर्षी काका-काकू मुलीकडे क्युपर्टिनोला गेले. डावा डोळाही गेला. फोनवर आवाज मात्र तसाच, खणखणीत.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ग्रीसला गेलो. खरं तर मला समुद्र बघायचा होता, पण मीच हट्टानं सगळ्यांना ऑलिंपियाला नेलं. देवळापाशी उभी राहून काकांना फोन लावला. तिथं संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळच्या चहाची वेळ.

"काय दिसतंय?"

"दगड आहेत, काका. पडलेले खांब, गवत. बाकी काही नाही."

काका अधीरपणे म्हणाले, "अगं, पण केवढं काही नाही? नीट सांग."

आत जायला दोरी आडवी होती. मी बाहेरून, एका टोकापासून कडेकडेनं चालायला लागले आणि पावलं मोठ्यानं मोजू लागले. तिकडे काकाही माझ्याबरोबर मोजत होते.