एक ठोका वहिनीचा

“मीच थांबवलं तिला,” दादा म्हणाला.

शालनवहिनी जाऊन महिना होत आला होता. अक्कलकोट रोडच्या आत, गल्लीच्या तोंडाशी असलेलं आमचं लोहारकामाचं दुकान तेव्हापासून बंदच होतं. भाच्याचा फोन आला, “आत्या, तूच सांग बाबांना. दुकानाकडं बघत बी न्हाईत ते.” म्हणून मी गेले. सख्खा भाऊ माझा, पण बंद दाराकडे पाठ करून बसलेला तो म्हातारा क्षणभर ओळखूच आला नाही. चहाचा कप हातात दिला, तर त्यानं तेवढं एकच वाक्य उच्चारलं... मला उलगडायला जरा वेळ लागला.

आमच्या कामात तापलेलं लोखंड सांडशीत धरणारा एक आणि समोर उभं राहून घण घालणारा दुसरा. सांडशी धरणाऱ्याच्या उजव्या हातात छोटा हातोडा असतो. तो जिथे टिचकी मारील तिथे घण पडायचा. तोंडानं काही सांगायचं नसतं, तेवढा वेळही नसतो, लोखंड निवतं. काम झालं की तो ऐरणीच्या कडेला दोन हलके ठोके देतो. म्हणजे थांब. दादाची सांडशी आणि वहिनीचा घण, असा संसार झाला त्यांचा. त्या आवाजानं दादाचे कान गेले, तसं घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं आणि जे काय बोलायचं ते ऐरणीवरच उरलं. मी नणंद, मला ठिणग्यांवरून कळायचं. सकाळी काही बिनसलं असलं की वहिनीचा घण असा यायचा की दादाचा सांडशीचा हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. तो नुसता मान वर करून बघायचा आणि ही पदर खोचून म्हणायची, “काय बगताय? लोखंड निवतंय की.”

करकंबची ती. तिचं माहेरही लोहाराचंच. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आईनं भाकरी करून बघायला सांगितली आणि वडिलांनी घण उचलून बघायला. भाकरी जरा जाडच झाली होती, आई ते शेवटपर्यंत विसरली नाही. घणाबद्दल मात्र वडील दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “हिच्यासाठी येगळा दांडा घाला.” बाभळीचा दांडा घातला, तिच्या मुठीच्या मापानं तासून. त्यानंतर दांडे कितीतरी बदलले, माप तेच राहिलं. त्या घणाचे लाड तिनं पोटच्या पोरासारखे केले. दांड्याला करडईचं तेल चोळायचं, पाचर सैल झाली की आधी स्वतः ठोकायची आणि मग चूल पेटवायची. आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे, लाकूड सुकून आकसतं आणि घणाचं डोकं दांड्यावरून निसटून कुणाच्या तरी कपाळात जातं. म्हणून रोज काम संपलं की पाण्यानं भरलेल्या घमेल्यात घण डोक्यावर उभा करून ठेवायचा, हा तिचा नेम. लग्नाकार्याला गावाला गेली तरी तिथून फोन, “घण पाण्यात ठिवला का?” दादाला ऐकू यायचं नाही, म्हणून अशा वेळी घर बघायला आलेली मीच फोन घ्यायचे. “ठेवला गं बाई, आंघोळ बी घातली,” असं म्हटलं की मगच हसायची. एकदा एका गवंड्यानं तिला न विचारता तो घण दगड फोडायला नेला. परत आणून दिल्यावर त्याला वहिनीनं जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

आणि तिची एक खोड होती. दादानं थांबायचे दोन ठोके दिले की ती थांबायची, पण लगेच नाही. निवत आलेल्या लोखंडावर आणखी एक ठोका हळूच द्यायची. गरज नसलेला, नुसता टेकवल्यासारखा. दादा नव्या नवलाईत चिडायचा म्हणे. तेव्हा ती म्हणायची, “तुमचं झालं आसंल. माजा एक ऱ्हायलाय की!” पुढे तो चिडायचा बंद झाला. सांडशी मात्र तेवढा वेळ धरून राहायचा.

लकव्यानं तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही. इस्पितळात दादा तिच्या खाटेला चिकटून बसलेला असायचा. त्या दुपारी तिचा श्वास फार ओढून ओढून येत होता, बघवत नव्हतं. मी पायथ्याशी उभी होते. दादानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटाच्या पेरानं दोन हलके ठोके दिले आणि मान खाली घातली... थोड्या वेळानं ती गेली.

तर हे त्याच्या मनात महिनाभर घर करून बसलं होतं. “मी थांब म्हनलं आन् ती थांबली. जलमभर माजं ऐकत आली, तसंच त्येबी ऐकलं. म्या कशाला दिलं ते ठोकं?”

वय झालं होतं, आजार मोठा होता, हे सगळं त्याला भाच्यानं सांगून झालं होतं. मी रडत होते. आणि रडता रडताच मला ते आठवलं. मी पायथ्याशी असल्यानं मला दिसलं होतं, तेव्हा अर्थ लागला नव्हता इतकंच. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडूनच सांगितलं, “दादा, तू मान खाली घातलीस ना, त्यानंतर तिचा डावा हात हलला. बोट आपटलं कठड्यावर. एकदाच.”

तो माझ्याकडे वळला. मग त्यानं विचारलं, “जोरात का हळू?”

“हळूच.”

“हळू व्हय...” तो म्हणाला. कप खाली ठेवला. “मग तिचाच.”

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतील, जीव जाताना हात-पाय असे हलतातच. मी विचारायला जाणार नाही.

त्या दिवशी दादानं दुकान उघडलं. कोपऱ्यातल्या घमेल्यातलं पाणी केव्हाच आटून गेलं होतं आणि दांडा सुकून घणाचं डोकं खडखडत होतं. दादा बराच वेळ पाचर ठोकत बसला. आता तो एकटाच कामाला बसतो, छिन्न्यांना धार लावण्यासारखी बारीकसारीक कामं, एका हातोड्यानं होतील तेवढीच. परवा मी गेले तेव्हा शेवटची छिन्नी संपवून त्यानं सवयीनं ऐरणीच्या कडेला दोन हलके ठोके दिले. छिन्नी सांडशीत तशीच धरून ठेवली. मग हातोडा बाजूला ठेवून वहिनीचा घण उचलला, छिन्नीवर हळूच टेकवला, एकदाच, आणि घमेल्यात ताजं पाणी ओतून त्यात उभा करून ठेवला.