धावपट्टीवरचं खळं

आमच्या विमानतळाचा इतिहास फार लांबलचक नाही. बहात्तरच्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून गावाबाहेरचा माळ सपाट केला, मुरूम टाकून रोलर फिरवला आणि धावपट्टी झाली. टोकाला पत्र्याची एक खोली बांधली. आत एक बाक आणि पाण्याचा माठ. साहेबलोक तिला टर्मिनल म्हणायचे. तिथं माझे वडील रोजंदारीवर राखणदार होते. एकदा विमान उतरलं की तुमची जागा कायम, असं त्यांना सांगितलेलं. आमचं सगळं घर त्या एका विमानाकडे डोळे लावून बसलं होतं.

विमान काही येईना. पुढच्या साली पाऊस मात्र झकास झाला आणि बाजरी आली. मळणीला इतकी टणक जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हती. लोकांनी वडिलांना गळ घातली. याच लोकांनी दुष्काळात तिथं मुरूम वाहिला होता. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? बायकांनी धावपट्टी शेणानं सारवली, मधोमध मेढ रोवली आणि तिच्याभोवती बैल फिरू लागले.

मळणी चालू असतानाच एके सकाळी जीप आली. "दुपारी विमान येतंय, पट्टी मोकळी करा," म्हणत साहेब बुटांसकट खळ्यात शिरले.

एक म्हातारी कडाडली, "आदी पायतान काढा! आन् रास पुजल्याबिगर खळं मोडत न्हाई."

वडील दोघांच्या मधे हात जोडून उभे राहिले. मला म्हातारीचा राग आला, आणि साहेबांचा त्याहून जास्त.

दुपारी विमान खरंच आलं. दोन घिरट्या घातल्या, बैल बुजले, लोकांनी हात हलवले आणि ते आलं तसं निघून गेलं.

"लई खाली आलं हुतं," लोक कौतुकानं सांगत राहिले.

संध्याकाळी साहेबांनी वडिलांना कामावरून काढलं. मग घराघरातून सूपसूप बाजरी आली. आईनं ती ठेवून घेतली आणि चुलीपुढं बसून रडली.

सकाळी पाहते तर वडील खाकी सदरा चढवून तयार.

"अवो, काढलं न्हवं तुमाला? आता कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"पट्टीवर. मेढीचा खड्डा बुजवायचा हाय."

"आन् पगार?"

"मला काढलंय ते इमानाला कुठं ठावं हाय? परत आलं म्हंजी?"

आईनं भाकरी बांधून दिली.