वशिंड सरकलेलं विमान

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. अंजनगाव सुर्जीच्या पल्याडचं आपलं गाव सोडलं तेव्हा टेम्पोत काय होतं, ते सुदाम, लहान्या भावा, तुले माहीत हाये. एक पेटी, एक गादी आन सावरीच्या लाकडाचे नऊ ओंडके. तू म्हणे, "भाऊ, अमरावतीले लाकडं नाही भेटत काय?" मी म्हटलं, "भेटत असतील. माह्या वळखीचे नाही भेटत." गुडघे गेले होते, वावर तुह्या हवाली केलं होतं, आन लेकाचा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर. आपले बाबा म्हणत, "हात रिकामे झाले का जीभ वळवळते." म्हणून ओंडके पाहिजे होते.

हे लिहून राहिलो ते गावात राह्यलेल्यांसाठी, आन माह्यासारखे लेकाकडं येऊन बसलेल्यांसाठी बी. शिक्षण चौथी. अक्षर वाकडं दिसलं तं मान वाकडी करून वाचा.

तान्ह्या पोळ्याले आपल्या गावात लेकरं जे लाकडी बैल ओढत, त्यातले अर्धे माह्या हातचे. इथं बी तेच सुरू ठेवलं. फ्लॅटात सतरा बैल झाले तेव्हा सून वैशाली म्हणे, "मामाजी, आता गोठाच बांधा लागते." तिकडं गावात चावडीवर बोलणं चालूच होतं, का म्हातारा शहरात बसून खाते. मले इथं समजत नाही असं नको समजू.

मंग २०२५ साली अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर विमान याले लागलं. गच्चीवरून पाहिलं. पंख पाठीवर, आन पंखाच्या बुडाशी उंचवटा. अरे, हे तं बैलाचं वशिंड! तिथंच ठरवलं, हे करायचं. खेळणं नाही, तंतोतंत. खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शाचं.

पण नकाशा कुठून आणावा? वैशालीनं मोबाईलवर चार शोधले. चौघांचं एकमेकांशी पटे ना. एकात शेपूट लांब, एकात नाक चपटं, एकाची प्रिंट काढली तं दर कागदावर विमान येगळ्या मापाचं. शेवटी अकोल्याच्या एका रिटायर ड्रॉइंग मास्तरांचा पत्ता लागला. मॉडेल बनवणाऱ्यांचं प्रदर्शन भरवतात ते. त्यांनी नकाशा देला, एक चित्र बाजूनं, एक वरून. म्हणाले, "हा पक्का. यावर बनवा, प्रदर्शनात तुमचं टेबल ठरलं."

चार महिने घासलं. बैल कोरताना आमी आधी वशिंड धरतो, तिथून पुढं मान मोजतो, मागं ढुंगणाकडचा पुठ्ठा. पण मले वाटलं, हे शिकल्या लोकांचं काम, त्यांच्यावानी नाकापासून मोजू. तिथंच फसलो. अंग आन खिडक्या बाजूच्या चित्रावरून काढल्या, पंख वरच्या चित्रावरून बसवला. सगळं जमलं, रंग देला, टेबलावर ठेवून दूर जाऊन पाहिलं. वशिंड मानेवर सरकलेला बैल!

मंग दोरा घेतला आन दोन्ही चित्रं आपल्या रीतीनं, वशिंडापासून मोजली. बाजूच्या चित्रात वशिंडापासून नाक जेवढं दूर, त्याच्यापेक्षा वरच्या चित्रात अंगठाभर जवळ. दोन चित्रं दोन विमानांची, ताणून एका मापाची केलेली. वैशालीले घेऊन बेलोऱ्याच्या रस्त्यावर उभा राह्यलो. तिनं उतरत्या विमानाचा फोटो घेतला, घरी मोठा करून खिडक्या मोजल्या. माहा पंख दोन खिडक्या पुढं होता.

विमान रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं अकोल्याले गेलो. मास्तर पाहून उभेच राह्यले. "आजोबा, असं काम अख्ख्या प्रदर्शनात नाही!"

म्हटलं, "पंख चुकला. नकाशा चुकला म्हणून."

त्यांनी पट्टी लावली. "नाक ते शेपूट बरोबर आहे की!"

"वशिंडापासून मोजा."

"कशापासून?"

दोरा लावून दाखवलं. त्यांनी दोरा घेऊन सोता मोजलं. मंग इचारलं, "तुमचं शिक्षण किती हो?"

"चौथी. दोऱ्याले शाळा नाही लागत."

हसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "परवा रविवारी प्रदर्शन आहे. असंच ठेवा. पहिला नंबर तुमचाच. खिडक्या कोण मोजतो?"

"मी मोजल्या ना."

खरी पंचाईत पुढंच होती. रविवारी सुदाम, तू जीप करून गावातली नऊ माणसं आणणार होता. बसून खाणाऱ्याचं काम दाखवाले. मले बी तेच पाहिजे होतं, खोटं कावून बोलू? त्या लोकायच्या तोंडाले कुलूप लागलेलं पाहाचं होतं. बसस्टँडवरून तुले फोन करून सांगतलं, का विमान प्रदर्शनात ठेवत नाही, तं तू चिडला. "भाऊ, जीप ठरली! आता लोकायले काय सांगू? भाऊचं विमान मोडलं?"

"सांग, भाऊनं मोडलं."

"पाहा, ते हसतील."

"हसू दे. वशिंड मानेवर घेऊन मी त्यांच्यापुढं उभा नाही राहणार."

परतीच्या गाडीत विमान मांडीवर घेऊन इचार करत बसलो. गाव सोडलं तेव्हा वाटे, घर मागं राह्यलं, इथं आपण पाहुणे. पाहुणा कसा असते? भाजीत मीठ कमी असलं तरी छान म्हणते, उठून जाते. मी आता छान म्हणत नाही. जिथं माहं चुकलेलं मलेच मोडता येते, कोणाले न इचारता, ते माहं घर. तिसरा माळा का असेना. आन तुमी गावचे, तुमाले पाहाचंच असंल तं या. अर्धं पाहा. चहा पूर्ण भेटंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पोतं अंथरलं आन पंखाच्या बुडाशी करवत लावली. विमान गोल, घसरून राहिलं होतं. वैशाली हात पुसत आली, खाली बसली, म्हणे, "मामाजी, धरू काय?"

म्हटलं, "धर. हलू नको देऊ."