कात्रीची वेळ

घरातले सगळे गाढ झोपलेले असत, तेव्हा टेलर वहिनींचं राज्य सुरू होई. राज्य म्हणजे जेवणाचं टेबल. ते कोरड्या फडक्यानं पुसायचं, कुठे चिकट राहिलंय का ते तळवा फिरवून बघायचं आणि मगच कापड पसरायचं. घरात एवढं मोठं सपाट असं दुसरं काही नव्हतं. दिवसा त्याच टेबलावर कॉलेजातल्या मुलीच्या परीक्षेची पुस्तकं पडलेली असत आणि दाराशी गिऱ्हाइकांची रीघ.

शिवण काय, गप्पा मारतानाही होते. टाका चुकला तर उसवता येतो. कात्री चुकली की कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरा उपाय नाही. म्हणून कटिंग पहाटेच. त्या वेळी आतल्या खोलीतून नवऱ्याचं घोरणं ऐकू येई. आधी लांबलचक ओढ, मग बारीकशी शिट्टी, मग नवख्या पाहुण्याला धडकी भरेल इतकी शांतता, आणि पुन्हा ओढ. लग्नाच्या पहिल्या वर्षी याच आवाजानं वहिनींना रडू आलं होतं. आता तो चालू आहे म्हणजे टेबल आपलं, इतकंच त्यांना कळत असे.

नवरा विमा कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होता. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हेडक्लार्कची खुर्ची रिकामी झाली आणि ती त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराला मिळाली. ते त्याच्या मनाला फार लागलं. नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसनं एका गुळगुळीत दाढीच्या माणसाला भाषणाला बोलावलं. हा माणूस माइक हातात घेऊन स्टेजवर येरझाऱ्या घालत म्हणाला, की यशस्वी माणसाचं नशीब सूर्य उगवायच्या आत ठरतं. आता हा माणूस स्वतः भाषणाला अर्धा तास उशिरा आला होता, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

"अगं, माझं कुठे चुकलं ते कळलं," नवऱ्यानं घरात पाऊल टाकताच जाहीर केलं. "मी झोपत राहिलो!"

वहिनींनी विचारलं, "मग आता काय करणार?"

"उद्यापासून पहाटे उठणार. तुझ्याबरोबर!"

त्या 'तुझ्याबरोबर'वर तो इतका खूश होता, की वहिनींना पुढे बोलवेना.

पहिल्या प्रयोगात तो नुसता लवकर उठला. उठून करायचं काय, हे भाषणात आलं नव्हतं, किंवा आलं तेव्हा याचा डोळा लागला असेल. तो टेबलाशी खुर्ची ओढून बसला आणि जांभया देत सांगू लागला, "काय शांत वाटतं नाही या वेळेला? शांततेची मजाच वेगळी. लोकांना या शांततेची किंमतच नाही बघ." शांततेचं हे कौतुक चहा होईपर्यंत चाललं. वहिनींनी त्या दिवशी एक बाहीसुद्धा कापली नाही.

मग थंड पाण्याची अंघोळ आली. पहिल्या तांब्याला तो असा ओरडला, की शेजारचे आजोबा काठी घेऊन दाराशी आले. थंड पाणी सर्दीवर आटोपलं आणि आरसा सुरू झाला. गिऱ्हाइकांना ट्रायल द्यायचा उभा आरसा टेबलाच्या बाजूलाच होता. त्याच्यासमोर छाती काढून तो म्हणे, "मी शांत आहे! मी खंबीर आहे! मला कुणीही थांबवू शकत नाही!" शेवटचं वाक्य खरंच होतं. वहिनी दोनतीनदा थांबवायला गेल्या होत्या.

"अहो, जरा हळू. लेक रात्री जागून अभ्यास करते."

"हळू बोललं तर मनाला पटत नाही."

मुलगी आतून ओरडली, "बाबा, आम्हाला पटलं! झोपा आता!"

अशानं वहिनींचं काम तुंबलं. कापडांच्या पिशव्या कपाटात मावेनात आणि गिऱ्हाइकं तोंडावर गोड बोलून मागे नाक मुरडू लागली. वहिनी मूग गिळून बसल्या, कारण खुर्ची गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमेद दिसत होती. तीच हिसकावून घ्यायची तर कुठल्या तोंडानं?

अशातच गाण्याच्या बाई मखमल घेऊन आल्या. या बाई आयुष्यभर मुलांना गाणं शिकवत आलेल्या, आणि आता शनिवारी त्यांचाच गाण्याचा कार्यक्रम होता. ज्या नाट्यगृहात त्या तरुणपणी गायल्या, ते पाडलं तेव्हा पडद्याचा एक तुकडा त्यांनी मागून आणला होता. वाइनसारखा गडद लाल, इतक्या वर्षांनीही जिवंत.

"वहिनी, याचा लांब कोट हवा. असं कापड आता कुठेच मिळणार नाही, एवढं मनात ठेवा," बाई म्हणाल्या.

वहिनींनी ते मनात ठेवलं. मखमल म्हणजे लहरी कारभार. तिच्यावर लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ, खालून वर फिरवला तर अडते. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे. एखादा जरी उलटा लागला, तरी तो दुसऱ्याच कापडाचा वाटतो.

मखमल कापायला घेतली त्या पहाटे नवऱ्याचा नवा प्रयोग, मौन, सुरू झाला होता. वहिनींना आधी हायसं वाटलं. पण त्याचं मौन त्याच्या बोलण्यापेक्षा भारी निघालं. बोलणारा माणूस एकदा सांगून गप्प होतो, हा खुणा करत राहायचा. पुढचे दोन भाग आणि बाह्या कशाबशा कापून झाल्या होत्या, पाठ आखून तयार होती, तेवढ्यात हा समोर येऊन डोळ्यांभोवती बोटांची वर्तुळं करू लागला.

"घुबड?" वहिनी म्हणाल्या.

त्यानं जोरात मान हलवली.

"दुर्बीण?"

त्यानं कळवळून टेबलाकडे बोट दाखवलं. चष्मा मखमलीखाली होता. वहिनींनी कापड उचललं, चष्मा काढून दिला, कापड पुन्हा पसरलं, पुन्हा आखलं. डोक्यात संताप होता, हातात कात्री. दोन्ही एका वेळी चालवू नयेत, हे त्यांनी इतर वेळी कुणालाही सांगितलं असतं.

उजाडल्यावर त्यांनी तुकडे खिडकीशी धरले. पुढचे भाग गडद लाल, पाठ गुलाबीकडे झुकलेली. लव उलटी लागली होती.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. मौन तेवढ्यात संपलं होतं.

"तुमचं मौन झालं!" वहिनी कडाडल्या. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. "अहो, ही एक वेळ होती माझी. ही एकच! तुम्ही झोपला होता म्हणून हे घर चाललं होतं, कळतंय का?" आणि बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

तो ऑफिसला निघून गेला. संध्याकाळी आला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होत्या. तिथून त्यांना दिसलं, की तो टेबलाशी उभा राहून त्या वाया गेलेल्या पाठीवरून हात फिरवतोय. वरून खाली. मग खालून वर. पुन्हा वरून खाली.

वहिनींनी दिवसभर डोकं चालवलं होतं. उरलेल्या मखमलीत एक पाठ बसत होती, अगदी काठोकाठ. मग कॉलरला कापड उरत नव्हतं, पण ती वाया गेलेल्या पाठीतून निघाली असती, कारण लहान तुकडा लव सरळ येईल असा फिरवून कापता येतो. पण आता कात्री केसभरही चुकून चालणार नव्हती. एक पहाट हवी होती, सगळीच्या सगळी.

जेवताना त्या सहज म्हणाल्या, "आज एक गिऱ्हाईक सांगत होतं, नवीनच पद्धत आलीय. जागं झालं तरी उठायचं नाही. डोळे मिटून, अंग सैल सोडून निपचित पडायचं, उन्हं येईपर्यंत. फार कठीण असतं म्हणे. भल्याभल्यांना जमत नाही."

मुलीनं चटकन ताटात डोकं घातलं. नवरा बायकोकडे जरा वेळ बघत राहिला.

"करून बघतो," तो म्हणाला.

पहाटे वहिनींनी टेबल पुसलं, मखमल पसरली, लव दोनदा तपासली. आतून घोरणं येत होतं. ओढ, शिट्टी, शांतता. कात्री कापडात शिरली आणि अर्ध्यावर आली.

आणि घोरणं थांबलं. पुढची ओढ आलीच नाही.

वहिनींचा हात जागच्या जागी थिजला. आता चप्पल वाजेल, आता खुर्ची ओढली जाईल. काहीच झालं नाही. त्यांनी मान तिरपी करून अर्धवट उघड्या दारातून आत पाहिलं. तो उताणा पडला होता, हात अंगाशी, डोळे टक्क उघडे, छताला लावलेले. पाय हलवायचीही चोरी असल्यासारखा. चाहूल लागताच त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले आणि घोरायला लागला.

त्यात शिट्टी नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात असं खोटं घोरणं वहिनींनी पहिल्यांदाच ऐकलं. हसू दाबताना त्यांचे डोळे भरून आले. पदरानं ते कोरडे करून, हात पुसून त्यांनी कात्री पुढे नेली.

पाठ निघाली. पुढच्या भागाशेजारी ठेवून दिव्याखाली बघितली. एकच लाल. वहिनींचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. तिचा आवाज झाला, तसं आतलं घोरणं बंद पडलं.

मग आळस दिल्याचा भलामोठा आवाज काढत नवरा बाहेर आला. डोळे तांबारलेले, चेहरा ओढलेला.

"वा!" तो म्हणाला. "काय ताजंतवानं वाटतंय!"

"जमलं म्हणायचं," वहिनी कापडाची घडी घालत म्हणाल्या. "उद्या पण करा."

"उद्या काय, रोजच करायचं असतं ते," तो म्हणाला आणि चहाचं भांडं स्वतःच गॅसवर ठेवायला गेला.