काकांचा शॉट

भिवंडीजवळचं आमचं टेमघर सोडलं तेव्हा आईच्या हातात वळकटी होती आणि माझ्या हातात स्टोव्ह. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. वडील जाऊन वर्ष झालं नाही तोच धाकट्या काकांनी आम्हाला घराबाहेर काढलं. तुम्ही सगळे गावकरी आपापल्या दारात उभे होतात. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, कारण काकांनी आधीच बोंब उठवली होती की पोरगी कुणाबरोबर तरी पळणार होती, म्हणून आई लाजेने गाव सोडतेय. आई एवढंच म्हणाली, "मागं बघू नको."

मी बघितलं. चेहरे लक्षात ठेवले.

मुंबईत एडिटिंगच्या खोलीत फिल्मचे तुकडे चिकटवायला लागले, मग असिस्टंट झाले, मग डायरेक्टर. बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणून कॅमेरामन नाक मुरडायचे. मुरडोत बापडे! आईचं नाव खराब करणाऱ्याला सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. दशक संपता संपता यंत्रमागांवर माहितीपट करायला मी भिवंडीत आले. काकांनी आता लूम टाकले होते. पडद्यावर दिसणार म्हणून नवा सदरा घालून ते चालू लूमच्या मधोमध उभे राहिले.

त्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात. लहानपणी आईबरोबर मीही लूमवर कामाला जायचे, त्यामुळे मलाही ते येतं. काका मात्र गादीवर बसणारे मालक. आवाज पोचत नाही म्हणजे बोललेलं पोचत नाही, असं त्यांना वाटलं. कॅमेऱ्यासमोरच शेजारच्या मेहुण्याच्या कानाशी ओरडून हसत म्हणाले, "हिच्या आयशीला मीच हाकलली. पोरगी पलते, ही बोंब पन माझीच हाय."

मी 'कट' म्हटलं नाही.

मुंबईत तो शॉट बघून कुणाला काही कळलं नाही. भिवंडीत खेळ लावला तेव्हा थिएटरभर लूमवाले होते. अख्खं थिएटर वळून काकांकडे बघायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "सेठ, ये क्या बोल दिया?" काका अंधारातच उठून गेले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: तेवढा तुकडा काप, घर तुझ्या आईच्या नावावर करतो. त्या घरासाठी आई वर्षानुवर्षं रडली होती. म्हणून मी तिलाच विचारलं.

ती म्हणाली, "घर काय, कुठंपन बांधता येतं. नको कापू."

म्हणून टेमघरला आज आमचं घर नाही. तरी तुम्ही विचारता, गावाला कधी येतेस? बोलवा की. फिल्म घेऊनच येईन.