तुरीच्या खोडाचं मोठं चित्र

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कलबुर्गीत घरी पेपर तपासत बसले होते. फोनवर त्यांची मुलगी होती. "बाबा सकाळी खुर्चीतच..." आणि मला आठवलं, येत्या रविवारी येते असं मी त्यांना सांगितलं होतं. त्याच्या आधीच्या रविवारीही सांगितलं होतं...

बीदर जिल्ह्यातल्या औरादच्या कॉलेजात अण्णा आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ते ज्येष्ठ, मी नवखी. वर्गात साठेक पोरं आणि चालू सूक्ष्मदर्शक दोन. रांगेतून येऊन डोळा लावावा, तर काही दिसायच्या आत मागचा ढकलायचा. चिंताकी गावची एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, मला माझ्याच पापण्या दिसल्या." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

त्या सुट्टीत ते तुरीच्या खोडाचे काप घेऊन हैदराबादला गेले आणि ओळखीच्या प्रयोगशाळेतून काचेवरचा अख्खा काप यंत्रानं टिपून आणला. चित्र एकच, पण एवढं अवाढव्य की आमच्या संगणकावर उघडेचना. मग त्यांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. मोबाइलवर नकाशा मोठा करावा तसं ते चित्राचा हवा तेवढाच तुकडा समोर आणायचं. भिंतीवर पडदा लावला, अण्णांनी माउसचं चाक फिरवलं, आणि खोड जवळ येत येत एकेक पेशी ताटाएवढी झाली. "आता सांग, काय दिसायलंय?" त्यांनी त्या मुलीला विचारलं. ती उठून पडद्यापाशी गेली, एका गोल नळीवर तळहात ठेवून म्हणाली, "सर, पाणी हितनं वर जातंय व्हय?" अण्णांनी चाक फिरवून ती नळी आणखी मोठी केली.

पुढं ते निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी, अक्का, आधीच गेल्या होत्या, मुलगी पुण्याला, माझी बदली इकडे. ते घरी बसून ते चित्र आणि तशीच आणखी मिळवलेली चित्रं बघत राहिले. "कामून येईनास, बाई?" फोनवर विचारायचे. "नवा काप हाय. एकट्यानं बघून मन भरंना." "येते अण्णा, रविवारी."

तेराव्यानंतर मुलीनं त्यांची हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. बरेच दिवस ती उघडवली नाही. उघडली तर कळलं, तुरीच्या त्या चित्रावर अण्णा डाव्या कडेपासून एकेका पेशीपाशी नाव लिहीत गेले होते. वर मराठी, खाली कन्नड. पोरांसाठी. निम्मं खोड झालं होतं. मधेच एका जाड भिंतीच्या पेशीपाशी नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, "हे बाईला विचारायचं." थोडं पुढं तशीच पेशी, तेच वाक्य. त्याच्या पुढंही...

साध्या तंतुपेशी होत्या त्या. त्या ओळखायला मला अण्णांनीच शिकवलं होतं.